ऊर्जा आणि सीमासुरक्षा : अमेरिकी काँग्रेसमधील पुराणमतवादी सदस्याचे आठवड्याचे काम कसे तपासावे

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील एखाद्या पुराणमतवादी सदस्याने आपल्या आठवड्याच्या कामाचा गोषवारा मतदारांसमोर ठेवला, तर त्यात ऊर्जा आणि सीमासुरक्षा हे दोन विषय बहुधा अग्रभागी असतात. एका विधेयकाला पाठिंबा दिला, ऊर्जामंत्र्यांना पत्र पाठवले, समितीच्या सुनावणीत सीमा गस्ती दलाच्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले, सभागृहात मतदान केले, अशा नोंदी एकाखाली एक येतात आणि वाचणाऱ्याला त्या सारख्याच मोलाच्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांतल्या काही कामांनी कायदा बदलतो, काहींनी सरकारी पैशाची वाट बदलते आणि बऱ्याचशा नोंदी सदस्याचे मत काय आहे एवढेच सांगतात. अमेरिकेत राहणाऱ्या, तिथे मत देणाऱ्या किंवा तिथल्या राजकारणाचा नेटाने अभ्यास करणाऱ्या मराठी वाचकाला हा फरक स्वतः ओळखता यावा, यासाठी हे मार्गदर्शन आहे. सदस्याच्या विचारांशी आपण सहमत असलो तरी तपासणी सोडू नये. उलट तेव्हा ती अधिक काटेकोर असावी, कारण ज्या कामासाठी आपण मत दिले ते काम खरोखर पुढे सरकले की नाही, हे जाणून घेण्याची निकड समर्थकालाच सर्वांत जास्त असते.

आधी वेळापत्रक

प्रतिनिधिगृहात मतदानाचा अधिकार असलेले 435 सदस्य असतात आणि ते सगळे दर दोन वर्षांनी नव्याने निवडून येतात. अधिवेशनाच्या आठवड्यात पहिले मतदान बहुतेक वेळा सोमवारी किंवा मंगळवारी संध्याकाळी होते आणि शेवटचे मतदान गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारपर्यंत आटोपते, जेणेकरून सदस्यांना मतदारसंघात परतता यावे. सभागृहापुढे कोणती विधेयके येणार याची यादी बहुमतातील पक्षाचा नेता आधीच जाहीर करतो आणि ती विधेयकांच्या मसुद्यांसह सभागृहाच्या अधिकृत दस्तऐवज संकेतस्थळावर ठेवली जाते. समितीच्या सुनावणीची सूचना सर्वसाधारणपणे एक आठवडा आधी आणि विधेयकावर कलमवार काम करण्याच्या बैठकीची सूचना किमान तीन दिवस आधी द्यावी, असा नियम आहे.

या दोन्ही याद्या आठवडा सुरू होण्यापूर्वीच पाहून ठेवाव्यात. आठवडा संपल्यावर सदस्याने दिलेला गोषवारा वाचला की आपण त्यांनी निवडलेल्याच गोष्टी पाहतो. आधी यादी पाहिलेली असेल तर त्यांनी कशाचा उल्लेख टाळला आहे, हेही कळते. माझ्या मते संपूर्ण तपासणीतले हे सर्वांत उपयोगी पाऊल आहे आणि त्याला फारसा वेळही लागत नाही.

त्यानंतर आपल्या सदस्याची नेमणूक कोणत्या समित्यांवर आहे ते पाहावे. ऊर्जेचा बराचसा कारभार ऊर्जा आणि वाणिज्य समितीकडे असतो, पण सरकारी मालकीच्या जमिनीवरील आणि समुद्रातील तेल-वायूच्या भाडेपट्ट्यांचा विषय नैसर्गिक संसाधन समितीकडे जातो. सीमा गस्ती दल, प्रवेशनाके आणि सीमेवरील तंत्रज्ञान हे गृहभूमी सुरक्षा समितीच्या कक्षेत येतात, तर आश्रय, व्हिसा आणि स्थलांतराचे मूळ कायदे न्यायविषयक समितीकडे असतात. अनेक मराठी कुटुंबांना ज्याची झळ बसते ती ग्रीन कार्डावरील देशनिहाय मर्यादा, म्हणजे कोणत्याही एका देशाला एकूण संख्येच्या 7 टक्क्यांपेक्षा जास्त वाटा न देण्याचा नियम, हाही न्यायविषयक समितीचाच विषय आहे. सीमासुरक्षेवरील भाषणांत त्याचे उत्तर शोधू नये. सदस्य ज्या समितीवर आहेत तिथे त्यांना मसुद्याला हात घालता येतो. बाकीच्या विषयांत त्यांच्या हाती प्रामुख्याने एक मत आणि सहकाऱ्यांचे मन वळवण्याची ताकद असते. म्हणून नैसर्गिक संसाधन समितीवरील सदस्याने भाडेपट्ट्यांविषयी दुरुस्ती मांडली नाही, तर ती उणीव ठरते. त्याच सदस्याने आश्रयाच्या कलमांवर दुरुस्ती मांडली नाही, तर तो दोष म्हणता येत नाही.

विधेयकाचा क्रमांक, काँग्रेसचा क्रमांक आणि टप्पा

गोषवाऱ्यात विधेयकाचा उल्लेख आला की प्रथम त्याचा क्रमांक शोधावा. क्रमांकाआधी ‘एच. आर.’ ही अक्षरे असतील तर तो प्रतिनिधिगृहात मांडलेला, पुढे कायदा होऊ शकणारा मसुदा असतो, ‘एस.’ असेल तर तो सिनेटचा. ‘एच. रेस.’ म्हणजे केवळ प्रतिनिधिगृहाचा ठराव. कार्बन कर अर्थव्यवस्थेला घातक आहे किंवा प्रशासनाचे सीमाधोरण निषेधार्ह आहे अशा आशयाचे ठराव सभागृहात संमत होतात, त्यांची बातमी होते, पण त्यांनी कोणताही कर वा कोणतेही धोरण बदलत नाही. अशा मतदानाला अर्थ नाही असे मी म्हणणार नाही. सदस्याची भूमिका नोंदली जाते आणि पुढे ती त्यांना बांधून ठेवते. मात्र ते काम झाले म्हणून मोजू नये.

क्रमांकासोबत काँग्रेस कितवी, म्हणजे दोन वर्षांचा कोणता कार्यकाळ, हे पाहणे तितकेच आवश्यक आहे, कारण दर दोन वर्षांनी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात आणि मंजूर न झालेली सर्व विधेयके रद्दबातल होतात. ‘एच. आर. 1’ या क्रमांकाने याचा चांगला धडा मिळतो. 118व्या काँग्रेसमध्ये या क्रमांकाचे विधेयक ऊर्जेचा खर्च कमी करण्यासाठी मांडलेले होते आणि 30 मार्च 2023 रोजी प्रतिनिधिगृहाने ते 225 विरुद्ध 204 मतांनी संमत केले. सिनेटने ते विचारातच घेतले नाही. 119व्या काँग्रेसमध्ये याच क्रमांकाचे विधेयक म्हणजे कर, खर्च, ऊर्जा आणि सीमा यांना एकत्र गुंफणारा अवाढव्य मसुदा होता. तो 22 मे 2025 रोजी प्रतिनिधिगृहात 215 विरुद्ध 214 अशा एका मताच्या फरकाने पार झाला, सिनेटमध्ये 50–50 अशी कोंडी उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने फुटली, 3 जुलैला प्रतिनिधिगृहाने 218 विरुद्ध 214 मतांनी सिनेटचा मसुदा स्वीकारला आणि 4 जुलै 2025 रोजी राष्ट्राध्यक्षांच्या सहीने त्याचा कायदा झाला. ‘मी एच. आर. 1 ला मत दिले’ हे वाक्य त्यामुळे वर्ष कळल्याशिवाय अपुरे आहे.

सीमेच्या बाबतीत 118व्या काँग्रेसमधले ‘एच. आर. 2’ हे पुराणमतवादी सदस्यांचे मुख्य विधेयक होते. ज्या दिवशी साथीच्या काळातला, सीमेवर आलेल्यांना तातडीने परत पाठवू देणारा ‘टायटल 42’ हा आदेश संपुष्टात आला त्याच दिवशी, 11 मे 2023 रोजी, प्रतिनिधिगृहाने ते 219 विरुद्ध 213 मतांनी संमत केले. सिनेटमध्ये तेही अडले. या दोन्ही विधेयकांचे पुढे काय झाले याचा माग घेतला, तर काँग्रेसच्या कामाची एक महत्त्वाची रीत ध्यानात येते. अख्खे विधेयक मरते, पण त्याचे तुकडे दुसऱ्या वाहनात बसून पुढे जातात. भाडेपट्ट्यांच्या सक्तीच्या लिलावांची आणि स्वामित्वशुल्क, म्हणजे काढलेल्या तेल-वायूच्या किमतीतला सरकारचा वाटा, उतरवण्याची कल्पना 2023 च्या ऊर्जा विधेयकात होती. ती 2025 च्या कायद्यात आली. सीमेवरील भिंतीचे तसेच. मात्र आश्रयाच्या अटी मुळातून बदलणारी एच. आर. 2 मधली कलमे त्या कायद्यात जशीच्या तशी येऊ शकली नाहीत, कारण सिनेटमध्ये साध्या बहुमतावर पार होणाऱ्या अर्थसंकल्पी प्रक्रियेत महसूल आणि खर्चाशी थेट संबंध नसलेली कलमे टिकत नाहीत. इतर बहुतेक विधेयकांना तिथे चर्चा थांबवण्यासाठी 60 मते लागतात. सदस्य ‘आम्ही एच. आर. 2 पूर्ण केले’ असे सांगत असतील, तर दोन्ही मसुदे शेजारी ठेवून कोणती कलमे आली आणि कोणती राहिली ते पाहावे.

उलट प्रकारही घडतो आणि त्यात सदस्यावर अन्याय होण्याचा संभव असतो. बेकायदा स्थलांतरितांना चोरीसारख्या गुन्ह्यांत आरोप होताच स्थानबद्ध करण्याचा लेकन रायली कायदा प्रतिनिधिगृहाने जानेवारी 2025 मध्ये एच. आर. 29 म्हणून संमत केला होता, पण 29 जानेवारीला सही झाली ती सिनेटच्या एस. 5 या मसुद्यावर. फेंटानिल या अतितीव्र अमली पदार्थासारखे सर्व पदार्थ कायमचे अमली पदार्थांच्या सर्वांत कडक वर्गात टाकणाऱ्या विधेयकाचेही असेच झाले: प्रतिनिधिगृहाचे एच. आर. 27 मागे राहिले आणि जुलै 2025 मध्ये एस. 331 चा कायदा झाला. केवळ प्रतिनिधिगृहातील क्रमांक शोधणाऱ्याला वाटेल की काम अर्धवट पडले आहे. काँग्रेसच्या संकेतस्थळावर विधेयकाच्या पानावर ‘संबंधित विधेयके’ असा भाग असतो. तो उघडल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

सहप्रायोजक होणे, म्हणजे दुसऱ्याच्या विधेयकाला पाठिंबा म्हणून आपले नाव जोडणे, हे सर्वांत स्वस्त काम आहे. एका सदस्याच्या नावावर दोन वर्षांत शेकडो विधेयकांचे सहप्रायोजकत्व साचू शकते. ते विधेयक समितीत सुनावणीला आले का, त्यावर कलमवार काम झाले का आणि अहवाल सभागृहाकडे गेला का, एवढे पाहावे. बहुसंख्य विधेयकांचा प्रवास समितीकडे सोपवल्याच्या नोंदीवरच थांबतो.

पत्रांचेही थोडक्यात. मंत्र्याला लिहिलेल्या पत्राला कायद्याचे बळ नसते. समितीच्या अध्यक्षांचे पत्र वेगळे, कारण त्यांच्यामागे साक्षीसाठी सक्तीने बोलावण्याचा आणि कागदपत्रे मागवण्याचा अधिकार उभा असतो. आपल्या सदस्याने पत्रावर सही केली असेल, तर त्यात उत्तराची तारीख मागितली आहे का आणि ती तारीख उलटल्यावर त्यांनी काय केले, हे विचारावे.

मतदानाची नोंद वाचताना

प्रतिनिधिगृहाच्या क्लार्कच्या, म्हणजे अधिकृत नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयाकडून प्रत्येक नोंदणीकृत मतदानाचा तपशील मतदानानंतर लगेच प्रसिद्ध होतो. तिथे मतदानाचा क्रमांक, प्रश्न आणि प्रत्येक सदस्याचे मत दिसते. नवखे वाचक चुकतात ते ‘प्रश्न’ या रकान्यात. एकाच विधेयकावर चर्चेचे नियम ठरवणारे मतदान होते, दुरुस्त्यांवर होते, विधेयक समितीकडे परत पाठवण्याच्या अल्पमतातील पक्षाच्या प्रस्तावावर होते आणि मग अंतिम मंजुरीवर होते. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात मते बहुतेक वेळा पक्षाप्रमाणेच पडतात, त्यामुळे त्यांच्यावरून सदस्याच्या स्वतंत्र विचारांबद्दल फारसे कळत नाही. विरोधकांच्या प्रचारात ‘यांनी सीमा गस्ती दलाच्या निधीविरुद्ध मत दिले’ असे विधान आले, तर ते मत नेमके परत पाठवण्याच्या प्रस्तावावरचे होते का, हे आधी पाहावे. नियम स्थगित करून आणलेल्या विधेयकांना 40 मिनिटांची चर्चा आणि दोन तृतीयांश मते लागतात. त्या वाटेने आलेल्या विधेयकांवर सहसा वाद नसतो, म्हणून त्यांचा मोठा विजय म्हणून केलेला उल्लेख थोड्या राखीव मनाने वाचावा.

दुरुस्त्यांचे मतदान मला सर्वांत बोलके वाटते. अंतिम मंजुरीच्या वेळी सदस्याला शंभर गोष्टींच्या गाठोड्याला एकच होकार किंवा नकार द्यावा लागतो, तर दुरुस्तीवर प्रश्न सुटा आणि स्पष्ट असतो: अमुक योजनेचा निधी कापायचा का, अमुक नियमाच्या अंमलबजावणीला पैसा नाकारायचा का. समित्यांतील नोंदणीकृत मतेही 48 तासांच्या आत उपलब्ध करावी लागतात आणि ती फार थोडे लोक पाहतात.

नकारात्मक मताचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगावी. फेब्रुवारी 2024 मध्ये सिनेटमधील दोन्ही पक्षांच्या वाटाघाटींतून आलेला सीमा आणि परदेशी मदतीचा एकत्र मसुदा 49 विरुद्ध 50 मतांवर अडला. त्याला विरोध करणाऱ्या पुराणमतवादी सदस्यांचे म्हणणे होते की त्या मसुद्याने प्रशासनाला फार मोकळीक मिळेल आणि एच. आर. 2 हाच योग्य मार्ग आहे. पाठिंबा देणाऱ्यांचे म्हणणे होते की हाती येणारी कडक तरतूद सोडणे चूक आहे. कोणता युक्तिवाद पटतो ते वाचकाने ठरवावे, पण ‘सीमासुरक्षेला विरोध’ एवढ्या शब्दांत ते मत गुंडाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ऊर्जेविषयीचे दावे

पेट्रोलचा दर उतरला की श्रेय आणि चढला की दोष, हे दोन्ही पक्ष करतात. त्या दरातला सर्वांत मोठा हिस्सा खनिज तेलाच्या किमतीचा असतो आणि ती जागतिक बाजारात ठरते. अमेरिकेने 2023 मध्ये दिवसाला सरासरी सुमारे 1 कोटी 29 लाख पिंप आणि 2024 मध्ये सुमारे 1 कोटी 32 लाख पिंप तेल काढले. हे तेव्हापर्यंतचे उच्चांक होते आणि ते अशा प्रशासनाच्या काळात झाले ज्याच्यावर पुराणमतवादी सदस्य उत्पादन रोखल्याचा आरोप करत होते. यावरून त्यांचा आक्षेप खोटा ठरतो असे नाही, कारण देशातील तेलाचा जेमतेम चतुर्थांश भाग सरकारी जमिनीतून आणि समुद्रातून येतो, आणि आजचे उत्पादन कित्येक वर्षांपूर्वीच्या भाडेपट्ट्यांवर चालते. काँग्रेसच्या हाती प्रामुख्याने हा चतुर्थांश आणि परवान्यांची गती आहे. टेक्सासात जमीन बहुतांशी खासगी आहे, न्यू मेक्सिकोत सरकारी जमीन मोठ्या प्रमाणात आहे; म्हणून पर्मियन खोऱ्याच्या एकाच तेलपट्ट्यात राज्याची सीमा ओलांडताच वॉशिंग्टनच्या निर्णयाचे वजन बदलते.

दावा भाडेपट्ट्यांचा असेल तर तीन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात: लिलाव, विहीर खोदण्याचा परवाना आणि प्रत्यक्ष उत्पादन. 2025 च्या कायद्याने मेक्सिकोच्या आखातात, ज्याला आता अमेरिकी सरकार ‘अमेरिकेचे आखात’ म्हणते, किमान 30 लिलाव आणि अलास्काच्या कुक इनलेटमध्ये 6 लिलाव बंधनकारक केले, आणि जमिनीवरील नव्या भाडेपट्ट्यांचे स्वामित्वशुल्क 2022 च्या कायद्याने वाढवलेल्या 16.67 टक्क्यांवरून पुन्हा 12.5 टक्क्यांवर आणले. लिलाव घोषित झाला म्हणून बोली लागेलच असे नाही, आणि खोल समुद्रातल्या पट्ट्यातून तेल यायला अनेक वर्षे लागतात. या आठवड्यातल्या मतदानाचा पुढच्या आठवड्यातल्या पंपावरील दराशी संबंध जोडणारे वाक्य दिसले, तर ते कोणत्याही पक्षाचे असो, बाजूला ठेवावे.

मिथेन शुल्काच्या उदाहरणातून शब्द किती बारकाईने वाचावे लागतात हे कळते. 2022 च्या कायद्याने तेल-वायू कंपन्यांवर मिथेनच्या गळतीबद्दल शुल्क बसवले. पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याच्या वसुलीचा नियम केला. तो नियम काँग्रेसने 1996 च्या काँग्रेशनल रिव्ह्यू ॲक्टखाली, म्हणजे सरकारी खात्यांचे नवे नियम रद्द करू देणाऱ्या कायद्याखाली, सिनेटमध्ये 60 मतांची गरज न पडता, रद्द केला आणि 14 मार्च 2025 रोजी त्यावर सही झाली. तेव्हा अनेकांनी ‘मिथेन कर रद्द’ असे म्हटले. वास्तविक रद्द झाला तो वसुलीचा नियम. शुल्क मूळ कायद्यात राहिले आणि जुलैच्या कायद्याने ते 2034 पर्यंत पुढे ढकलले. व्यवहारात कंपन्यांना आज शुल्क भरावे लागत नाही हे खरे, पण कलम जिवंत आहे, आणि सदस्याने ते काढून टाकण्याचे वचन दिले असेल तर ते वचन अजून बाकी आहे.

निर्यातीच्या बाबतीत कोणते खाते काय ठरवते ते ठाऊक असावे. द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनल आणि आंतरराज्य वायुवाहिन्या यांना पाच आयुक्तांचा संघीय ऊर्जा नियामक आयोग मंजुरी देतो, तर वायू परदेशी पाठवण्याची परवानगी ऊर्जा खाते देते. जानेवारी 2024 मध्ये थांबवण्यात आल्या त्या ऊर्जा खात्याकडील नव्या परवानग्या. चालू निर्यात थांबली नव्हती. विजेच्या दराबद्दल बोलताना आणखी एक मर्यादा येते: घरगुती दर मुख्यतः राज्यांच्या नियामक मंडळांकडे असतात आणि टेक्सासची बहुतांश वीजवाहिनी तर संघीय दरनियंत्रणाच्या बाहेरच आहे. काँग्रेसच्या सदस्याने वीजबिल उतरवण्याचे आश्वासन दिले तर कोणत्या अधिकारात, हा प्रश्न रास्त आहे.

आकडे तपासण्यासाठी ऊर्जा माहिती प्रशासनाचे साप्ताहिक अहवाल पुरेसे आहेत. पेट्रोलचे दर सोमवारच्या आकड्यांवरून कळतात, तेलसाठ्यांचा अहवाल सर्वसाधारणपणे बुधवारी आणि वायूच्या साठ्यांचा गुरुवारी येतो. सरकारने आणीबाणीसाठी राखलेल्या सामरिक तेलसाठ्याबद्दल दावा असेल तर त्याची एकूण क्षमता सुमारे 71 कोटी 40 लाख पिंप आहे आणि 2022 मध्ये 18 कोटी पिंप तेल विकण्याचा निर्णय झाला होता, हे दोन आकडे जवळ ठेवावेत. या साठ्यातले तेल चीनला न विकण्याचे विधेयक जानेवारी 2023 मध्ये 331 विरुद्ध 97 मतांनी संमत झाले. सिनेटने ते स्वतंत्रपणे घेतले नाही, पण तशी बंदी 2024 च्या खर्चाच्या कायद्यात आली. पुन्हा तीच रीत.

सीमेवरील आकडे

मेक्सिकोलगतची सीमा सुमारे 3,145 किलोमीटर लांब आहे आणि सीमा गस्ती दलाने ती नऊ विभागांत वाटली आहे. दर महिन्याला जे आकडे प्रसिद्ध होतात त्यांत ‘एन्काउंटर’, म्हणजे अधिकाऱ्यांशी गाठ पडल्याचे प्रसंग, मोजलेले असतात. हे प्रसंग आहेत, माणसे नव्हेत. ‘टायटल 42’ च्या काळात परत पाठवलेला माणूस पुन्हा प्रयत्न करी आणि पुन्हा मोजला जाई. दुसरे म्हणजे प्रवेशनाक्यांच्या मधल्या भागात सीमा गस्ती दलाने पकडलेले आणि प्रवेशनाक्यावर स्वतः हजर झालेले, हे दोन आकडे वेगवेगळे आहेत. काही भाषणांत त्यांची बेरीज येते, काहींत येत नाही. तिसरे, आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते, त्यामुळे ‘या वर्षी’ म्हणजे कोणते वर्ष हे विचारावे लागते.

डिसेंबर 2023 मध्ये नैर्ऋत्य सीमेवर सीमा गस्ती दलाच्या नोंदी सुमारे 2 लाख 50 हजारांवर पोहोचल्या. मार्च 2025 मध्ये त्या सात हजारांच्या आसपास होत्या. ही घट प्रचंड आहे आणि सध्याच्या प्रशासनाच्या कठोर उपायांना पाठिंबा देणाऱ्या सदस्याला तिचा उल्लेख करण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र संपूर्ण उताराचे श्रेय एकाच कारणाला देता येणार नाही: 2024 च्या सुरुवातीला मेक्सिकोने आपल्या बाजूची कारवाई वाढवली, जून 2024 मध्ये आधीच्या प्रशासनाने आश्रयावर निर्बंध आणले, आणि जानेवारी 2025 नंतर उरलेली घसरण झाली. सदस्याने तुलनेसाठी कोणता महिना निवडला आहे, तेवढे पाहिले तरी दाव्याची प्रतवारी लावता येते.

फेंटानिलचा मुद्दा सीमेशी नेहमी जोडला जातो आणि तो जोडला जाणे योग्यच आहे, कारण या विषाने अमेरिकी घरे उद्ध्वस्त केली आहेत. पण जप्त होणाऱ्या फेंटानिलचा मोठा भाग कायदेशीर प्रवेशनाक्यांवर, वाहनांत दडवलेला सापडतो. म्हणून या प्रश्नावर गंभीर असलेल्या सदस्याच्या कामात भिंतीच्या जोडीला नाक्यावरील क्ष-किरण तपासणी यंत्रे आणि तिथले मनुष्यबळ यांचा पाठपुरावा दिसला पाहिजे. तो दिसत नसेल, तर पुढच्या वेळी प्रश्न विचारण्याची ही सर्वांत योग्य जागा आहे.

पैसा कुठून येतो

वार्षिक खर्चाची 12 विधेयके असतात. गृहभूमी सुरक्षेचे त्यांतले एक, ऊर्जा आणि जलविकासाचे दुसरे. सरकारी जमिनींचा कारभार अंतर्गत व्यवहाराच्या विधेयकात येतो. ती 1 ऑक्टोबरपूर्वी मंजूर झाली नाहीत तर तात्पुरत्या तरतुदीवर कारभार चालतो किंवा सरकार ठप्प होते, जसे ते 1 ऑक्टोबर 2025 पासून 43 दिवस झाले. 2025 च्या जुलैच्या कायद्याने सीमेवरील भिंत आणि तिच्याशी संबंधित कामांसाठी सुमारे 46.5 अब्ज डॉलर आणि स्थानबद्धतेच्या जागांसाठी 45 अब्ज डॉलर या वार्षिक चक्राच्या बाहेर दिले आणि ते 30 सप्टेंबर 2029 पर्यंत खर्च करता येतात. यामुळे एक नवी गुंतागुंत निर्माण झाली आहे. सदस्य वार्षिक विधेयकातल्या निधीबद्दल बोलत आहेत की या आगाऊ दिलेल्या रकमेबद्दल, हे स्पष्ट नसेल तर एकच रक्कम दोनदा मोजली जाते. शिवाय खर्चावर अंकुश हा पुराणमतवादी विचाराचा गाभा आहे, तेव्हा एवढी रक्कम मंजूर केल्यानंतर तिच्या विनियोगावर देखरेखीची सुनावणी किती वेळा झाली, हे त्यांच्याच कसोटीवर विचारलेले ठरेल.

पुराणमतवादी म्हणजे एकजिनसी नव्हे, हे याच टप्प्यावर जाणवते. एच. आर. 2 ला विरोध करणाऱ्या दोन रिपब्लिकन सदस्यांपैकी एक कॅलिफोर्नियाच्या शेतीप्रधान खोऱ्यातले होते, आणि त्या विधेयकातील नोकरीपूर्व पात्रता तपासणीच्या सक्तीचा शेतमजुरांवर होणारा परिणाम हा तिथला जिव्हाळ्याचा प्रश्न होता. 2025 मध्ये स्वच्छ ऊर्जेच्या करसवलती पूर्ण रद्द कराव्यात असा काहींचा आग्रह होता, तर ज्यांच्या मतदारसंघात त्या सवलतींवर कारखाने उभे राहत होते असे काही रिपब्लिकन सदस्य त्या जपून कमी कराव्यात असे म्हणत होते. टेक्सासच्या सीमेवर भिंतीसाठी खासगी शेतजमीन संपादन करावी लागते, आणि मालमत्तेचा हक्क हेही पुराणमतवादाचेच मूल्य आहे. असा पेच येतो तेव्हा सदस्याने कोणत्या बाजूने मत दिले आणि त्याचे कारण उघडपणे सांगितले का, यातून त्यांची खरी ओळख पटते.

कार्यालयाला प्रश्न विचारताना

सदस्यांची कार्यालये आपल्या मतदारसंघातील रहिवाशांना उत्तर देतात, म्हणून सुरुवातीलाच पत्ता आणि पिनकोड द्यावा. नागरिकत्व नसलेल्या रहिवाशालाही प्रश्न विचारता येतो. ‘ऊर्जेबद्दल आपली भूमिका काय?’ असे विचारले तर छापील उत्तर येते. त्याऐवजी विधेयकाचा क्रमांक, कलम आणि तारीख देऊन विचारावे: अमुक दुरुस्तीवर आपण नकार दिला, त्याचे कारण काय, अमुक पत्राला खात्याने उत्तर दिले का, अमुक विधेयक समितीत अडले आहे, ते सुनावणीला यावे म्हणून आपण अध्यक्षांशी बोललात का. उत्तर लेखी मागावे. व्हिसा किंवा स्थलांतराच्या अर्जाबाबत वैयक्तिक मदत हवी असेल तर ती मतदारसंघातील कार्यालयाकडे स्वतंत्रपणे मागावी लागते आणि त्यासाठी माहिती उघड करण्याच्या संमतीपत्रावर सही द्यावी लागते. धोरणाचा प्रश्न आणि अशी मदत एकाच पत्रात मिसळू नये, कारण ती दोन वेगळ्या कर्मचाऱ्यांकडे जातात.

ऑगस्टमध्ये सभागृहाचे मतदान थांबते आणि सदस्य मतदारसंघात असतात. तोपर्यंत ऊर्जा आणि गृहभूमी सुरक्षेच्या खर्चाच्या विधेयकांवरचे समितीतले काम बरेचसे झालेले असते आणि 1 ऑक्टोबरची मुदत समोर असते. सभेला जाताना समितीतील दुरुस्त्यांच्या मतांची प्रत सोबत न्यावी आणि सप्टेंबरमध्ये यांतली कोणती तरतूद सभागृहात टिकवण्यासाठी ते उभे राहणार आहेत, असे नाव घेऊन विचारावे.